कीड पडली कुठे आणि का? : सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे चरित्र

इंदूर कशासाठी प्रसिद्ध आहे असे वर्गात विचारले, तर राजवाडा, सराफा, पोहे-जिलबी आणि देवी अहिल्याबाई अशी उत्तरे चटकन येतात. शेतीशास्त्राच्या जगभरच्या पुस्तकांत मात्र आपल्या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने येते. पालापाचोळा आणि शेण कुजवून उत्तम खत करण्याच्या एका रीतीला तिथे इंदूर पद्धत म्हणतात. ही पद्धत घडवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड सात वर्षे आपल्या गावात राहिले. लोक त्यांना खतासाठी ओळखतात, पण त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न खताचा नव्हता. एका पिकावर कीड का पडते आणि शेजारच्याच पिकावर का पडत नाही, हा तो प्रश्न होता. या अंकात आम्ही त्यांचे चरित्र याच प्रश्नाच्या अंगाने सांगत आहोत.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. नांगर, गोठा आणि उकिरडा त्यांनी पुस्तकांच्या आधी पाहिला. पुढे लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिजला निसर्गविज्ञानात त्यांनी पहिला वर्ग मिळवला आणि शेतीची पदविकाही घेतली. शेतकऱ्याचा मुलगा शास्त्रज्ञ झाला, पण शेतकऱ्याची नजर त्याने सोडली नाही. त्यांचे पुढचे सारे यश आणि सारी भांडणे यांचे मूळ आम्हाला इथेच दिसते.

१८९९ मध्ये त्यांना वेस्ट इंडीज बेटांवर नोकरी मिळाली. ऊस आणि इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करायचा आणि बागायतदारांना सल्ला द्यायचा, असे काम होते. बार्बाडोसच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पुष्कळ बुरशी पाहिल्या. थोड्याच दिवसांत एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली. रोग बरा करण्याचा सल्ला आपण देतो, पण तो सल्ला स्वतःच्या शेतात करून पाहायला आपल्याजवळ वीतभर जमीन नाही. ज्याने पीक काढले नाही त्याने पिकाच्या दुखण्यावर बोलावे कसे? हा प्रश्न मनात घेऊनच ते १९०२ मध्ये मायदेशी परतले.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप नावाच्या वेलीवर काम केले. बिअरला कडवटपणा यावा म्हणून या वेलीची फुले वापरतात. या वेलीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. बीजविरहित फुले बरी म्हणून बागायतदार नर वेल उपटून टाकत असत. हॉवर्ड यांनी परागीभवन होऊ दिलेल्या आणि न होऊ दिलेल्या फुलांची तुलना केली. परागीभवन झालेली फुले चांगली वाढली आणि लवकर तयार झाली. शिवाय मावा आणि भुरी यांना ती अधिक चांगली तोंड देऊ शकली. वेलीचा नैसर्गिक क्रम मोडला की कीड सोपी होते, ही कल्पना त्यांच्या डोक्यात इथे रुजली.

१९०५ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारने नवी कृषी संशोधन संस्था काढली होती, तेथे ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंची ओळख करून दिल्याशिवाय हॉवर्ड यांचे चरित्र पुरे होत नाही. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकलेल्या गॅब्रिएल यांनी प्रकाश आणि उष्णता यांचा पानांच्या अन्ननिर्मितीवर काय परिणाम होतो याचे मोलाचे संशोधन लग्नाआधीच केले होते. पुसा येथे पुढे त्यांचीही रीतसर नेमणूक झाली. दोघांनी मिळून शेते पाहिली, नोंदी केल्या आणि पुस्तके लिहिली. नाव मात्र पतीचे जास्त झाले.

पुसा येथे दोघांचे पहिले मोठे काम गव्हाचे होते. त्या काळी आपल्याकडचे गव्हाचे शेत म्हणजे अनेक जातींची सरमिसळ असे. उंच आणि बुटकी, कुसळाची आणि बिनकुसळाची, लवकर आणि उशिरा पिकणारी रोपे एकाच शेतात उभी असत. हॉवर्ड दांपत्याने अशा शेतांतून एकेक चांगले रोप निवडले, त्याचे बी वेगळे पेरले आणि पुढच्या पिढ्या एकसारख्या येतात का हे पारखले. काही जातींचा संकरही केला. पीठ कसे होते, पाव कसा फुगतो हे पाहण्यासाठी दाणे इंग्लंडला पाठवून चाचण्या करून घेतल्या. या खटपटीतून पुसा ४ आणि पुसा १२ हे गहू निघाले आणि उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले. १९०९ मध्ये हिंदुस्थानातील गव्हावर दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये रोलंड बिफेन या शास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. गव्हावरील पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याचा गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे आईबापांकडून पुढच्या पिढीत उतरतो, असे त्याला १९०५ मध्ये आढळले. म्हणजे रोगाला दाद न देणारी जात माणसाला ठरवून घडवता येईल, अशी आशा निर्माण झाली. तांबेरा ही बुरशी आहे, किडा नव्हे. पण जे बुरशीला लागू ते किड्यालाही लागू असू शकेल, हे उघड होते. या मार्गाने सरळ पुढे जाणे हॉवर्ड यांना सोपे होते. तसे त्यांनी केले नाही, आणि त्यांचे वेगळेपण यातच आहे.

पुसा येथे त्यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली होती. वेस्ट इंडीजमध्ये जे मिळाले नव्हते ते आता हाती आले होते. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी फवारणी जाणत नव्हते, त्यांना कोणी कीटकशास्त्रज्ञ भेटत नव्हता, आणि तरी त्यांची पिके बरीचशी निरोगी असत. हॉवर्ड यांनी ठरवले की आपणही औषध मारायचे नाही. हे शेतकरी आणि पिकावरील कीड, या दोघांनाच त्यांनी आपले गुरू मानले. कीड जिथे दिसेल तिथे तिला मारायला धावायचे नाही. ती तिथेच का आली हे शोधायचे. जात चुकली का, हंगाम चुकला का, पाणी साचले का, मातीला हवा मिळत नाही का, हे एकेक तपासायचे. काही वर्षांत आपली पिके औषधावाचून निरोगी येऊ लागली, असा अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे.

बैलांच्या बाबतीतही त्यांनी हेच पाहिले. त्यांच्याकडे बैलांच्या सहा जोड्या होत्या. त्यांना शेतातलाच ताजा चारा मिळे, गोठा स्वच्छ असे. शेजारच्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण झालेली असताना हे बैल त्यांच्या नाकाला नाक लावत, तरी आजारी पडले नाहीत, असे ते सांगत.

मग बियाण्याचे काय? ते हॉवर्ड यांनी सोडून दिले नव्हते, पण त्याचे वजन मोजून सांगितले. नुसते सुधारलेले बी दिले तर उत्पन्न साधारण १० टक्के वाढते. तेच बी आणि त्याच्या जोडीला सुधारलेली जमीन दिली तर उत्पन्न दुप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकते, असा त्यांचा पुसा येथील हिशेब होता. जवसावरील त्यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुळे काळजीपूर्वक उकरून पाहिली तेव्हा त्यांना दिसले की आपल्याकडच्या काळ्या जमिनीतील जवसाची मुळे खोल जातात, तर गंगाकाठच्या गाळाच्या जमिनीतील जवसाची मुळे वरच्या थरात पसरतात. एकीकडची जात दुसरीकडे नेली तर ती कुढते. चांगली जात म्हणून सगळीकडे एकच चालत नाही, मातीला साजेशी जात निवडावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

१९१० पासून काही वर्षे हे दांपत्य उन्हाळ्यात क्वेट्टा येथील फळबागांवर काम करत असे. तेथे पीचच्या झाडांवर मावा पडे. जास्त पाणी देऊन मुळांचा श्वास कोंडला की मावा वाढतो, आणि जमीन खोल खणून मुळांना हवा दिली की नवी पालवी स्वच्छ येते, असे त्यांना दिसले. खालच्या जुन्या पानांवर मावा असूनही वरच्या नव्या पानांकडे तो जात नसे.

एव्हाना पुसा येथील वातावरण त्यांना जाचू लागले होते. वनस्पतिशास्त्र एकाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, किडे तिसऱ्याकडे, माती चौथ्याकडे अशी कामाची वाटणी झाली होती. एकाच रोपाचे तुकडे करून ते चार खोल्यांत वाटल्यासारखे हे होते. हॉवर्ड यांनी मुळांपासून कीडीपर्यंत सगळ्याचा एकत्र विचार मांडला की तो दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकल्यासारखा वाटे. स्वभावाने तेही नमते घेणारे नव्हते. जिथे एकाच छपराखाली संपूर्ण पिकाचा अभ्यास होईल अशी संस्था त्यांना हवी होती.

ती संस्था इंदूरला उभी राहिली. कापसाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, आणि १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. मजुरांकडून दिवसाला सहा तासच काम घ्यायचे, मजुरी वेळच्या वेळी द्यायची आणि राहायला चांगली घरे द्यायची, असा नियम त्यांनी केला. माणूस, बैल आणि पीक यांना एकच न्याय, अशी त्यांची दृष्टी होती.

इंदूरमधील एक घटना हॉवर्ड पुढे वारंवार सांगत. एका वर्षी जुलैमध्ये निचरा तुंबल्यामुळे एका शेताच्या काही भागात पाणी साचून राहिले. काळी माती ती, एकदा चिंब झाली की लवकर मोकळी होत नाही. हॉवर्ड यांनी पाणी साचलेल्या जागेचा नकाशा तेव्हाच काढून ठेवला. ऑक्टोबरमध्ये त्या शेतात हरभरा पेरला. सुमारे महिन्याने हरभऱ्यावर अळी पडली. नकाशा काढून पाहिला, तर जेवढ्या भागात पाणी साचले होते तेवढ्याच भागात अळी होती. त्याच शेतातला उरलेला हरभरा चांगला वाढला. शेजारी आणखी ५० एकर हरभरा उभा होता, त्याकडेही अळी गेली नाही. बी तेच, हवा तीच, पतंगही तेच. फरक होता तो जुलैत गुदमरलेल्या मातीचा. त्या मातीमुळे पानांतील रसातच काही बदल होऊन ते अळीच्या सोयीचे झाले असावे, असे हॉवर्ड यांचे अनुमान होते.

माती जिवंत ठेवायची तर तिला सेंद्रिय खत हवे आणि शेतकऱ्याला परवडेल असे हवे. शेण तर घरोघरी गोवऱ्या थापण्यात जात होते. तेव्हा चीनमधील जुन्या रीतींचा अभ्यास करून हॉवर्ड यांनी इंदूरला खताचे प्रयोग सुरू केले. या कामात यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि ढीग तीन वेळा वरखाली करायचा. आत हवा खेळती राहिली की ढीग चांगलाच तापतो, तणाचे बी मरते आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या पद्धतीचा ग्रंथ निघाला. आपल्या समाजातील एका माणसाचे नाव त्या ग्रंथावर आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

हा ग्रंथ गॅब्रिएल यांनी पाहिला नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सोबत संपली आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. नंतर गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पुढील वर्षी, १९३५ मध्ये, महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनीही ही खतपद्धती पाहिली. केनियातील कॉफीचे मळे, आसाम आणि सिलोनमधील चहाचे मळे येथे तिचा वापर सुरू झाला. १९४० मध्ये हॉवर्ड यांचा शेतीविषयक प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीस अर्पण केला. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांनीही तितक्याच कडक शब्दांत उत्तरे दिली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न उरतो, हॉवर्ड यांचे म्हणणे कितपत खरे ठरले? चरित्र लिहिताना थोर माणसाचे सगळेच बरोबर होते असे म्हणणे सोपे असते, पण ते विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे नाही.

किड्यांना तोंड देण्याचा गुण बियाण्यात असतो, हे त्यांच्यानंतर निर्विवादपणे सिद्ध झाले. अमेरिकेतील कॅन्सस येथील रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात पीक किड्याला तीन प्रकारे तोंड देते असे मांडले. काही जाती किड्याला आवडतच नाहीत. काही जातींवर किडा पोसला तरी त्याची वाढ खुंटते किंवा तो मरतो. आणि काही जाती किडा लागूनही दाणे भरतात. आपल्या ज्वारीत पहिला प्रकार पाहायला मिळतो. ज्या जातींची कोवळी पाने तुकतुकीत असतात आणि पानांवर बारीक लव असते, त्यांवर खोडमाशी कमी अंडी घालते. सोलापूरकडील मोहोळ येथे निवडलेली रब्बी ज्वारीची प्रसिद्ध मालदांडी ही जात खोडमाशीला काही प्रमाणात तोंड देते. हा गुण खताने येत नाही, तो वंशाने येतो. पेरणी उशिरा झाली तर मात्र खरिपाच्या ज्वारीवर खोडमाशी जास्त पडते, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातही काही आहेच.

नुसत्या बियाण्यावर विसंबण्याची मर्यादाही लवकरच कळली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये आयआर २६ ही भाताची जात दिली. तपकिरी तुडतुडे तिला लागत नसत. शेतकऱ्यांनी ती मोठ्या क्षेत्रावर लावली. दोन-तीन वर्षांतच त्या जातीवरही जगू शकणारे तुडतुडे पुढे आले आणि १९७६ मध्ये आयआर ३६ ही वेगळ्या गुणाची जात आणावी लागली. माणूस बियाण्यात एक कुलूप घालतो आणि किडा पिढ्यान्‌पिढ्या त्याची किल्ली शोधत राहतो. शिवाय भाताला युरिया गरजेपेक्षा जास्त दिला की तुडतुड्यांची पैदास वाढते, हेही दिसून आले. इथे हॉवर्ड यांचे म्हणणे पुन्हा दारात उभे राहते.

परंतु निरोगी मातीतल्या पिकाला कीड लागतच नाही, इतके टोकाचे विधान टिकत नाही. टोळधाड आली की ती सुपीक आणि नापीक असा भेद करत नाही. परदेशातून आलेली नवी कीड उत्तम खत घातलेल्या शेतातही धुमाकूळ घालते. हरभऱ्याच्या शेताचे उदाहरण बोलके आहे, पण ते एका शेतातले, एका हंगामातले आहे. तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून, आकडे मांडून पाहण्याची चिकाटी हॉवर्ड यांनी या बाबतीत दाखवली नाही. त्यामुळे त्यांचे अनुमान अनेकांना पटले नाही, आणि त्यांच्या भक्तांनी ते पारखल्याशिवाय स्वीकारले. दोन्हींमुळे नुकसान झाले ते शेतकऱ्याचेच.

आज पीक संरक्षणाचा जो मार्ग शिकवला जातो त्यात कीड न लागणारी जात, वेळेवर पेरणी, पाण्याचा निचरा, बेताचे खत, मित्रकीटकांना अभय आणि अगदीच गरज पडली तर औषध असा सगळ्यांचा मेळ घातलेला असतो. हॉवर्ड ज्यासाठी पुसा येथे भांडले, तो संपूर्ण पिकाचा एकत्र विचार यात आहे. बिफेन आणि पेंटर यांचे बियाण्याचे शास्त्रही यात आहे.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आजही देवास, धार, उज्जैनकडे शेती करतात. थंडीत हरभऱ्याचे शेत पाहायला गेलात तर अळी शेतभर सारखी आहे की ठराविक पट्ट्यातच आहे ते पाहा. पट्ट्यातच असेल तर तिथली माती मुठीत घ्या आणि पावसाळ्यात तिथे पाणी थांबले होते का, पेरलेले बी कोणत्या जातीचे होते, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारा. दिसले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाहा. हॉवर्ड यांनी नकाशा एकदाच काढला होता. आमच्या विद्यार्थ्यांनी तो दोनदा, तीनदा काढावा, अशी आमची इच्छा आहे.